पावसाची वाट न पाहणारं बी

हे घे छोटी, हातात धर. दाबू नकोस, नुसतं धर. जड लागतंय ना? एवढ्याशा हिरव्या गोळ्यात एवढं वजन कुठून आलं, त्याचा विचार करत बस. तोवर मी सुपारी कातरून घेतो.

दादा, तूही बघ. हे बी फडताळाच्या वरच्या फळीवर, खिळ्यांच्या डब्याशेजारी पडलं होतं. तिथे माती नाही, पाण्याचा थेंब नाही, उजेड येतो तो दाराच्या फटीतून. तरी याच्या कुशीतून ही पांढरी नळी बाहेर आलीय आणि वाकून खाली निघालीय. उगवलंय ते! आजी मूग भिजत घालते तेव्हा काय होतं? मूग रात्रभर पाणी पितो, फुगतो, मग फडक्यात बांधला की मोड येतात. पाण्यावाचून तोच मूग वर्षभर डब्यात पडून राहील, भुंगा लागेल, पण मोड काही यायचे नाहीत. मग या पठ्ठ्याला पाणी कोणी पाजलं?

नाही रे दादा, मी गुपचूप नाही घातलं. त्याच्या आईनेच त्याला पाणी देऊन पाठवलंय. तिची गोष्ट सांगतो, म्हणजे उलगडा होईल.

विहिरीचं पाणी ओघळून जातं त्या कडेला लांब पानांचा झुबका आहे ना, ती ही आई. गडांबी कांदा. पानं दोन-अडीच फूट लांब, चार बोटं रुंद, मधून खोलगट. तुमच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला ती नर्सरीतली लिली वाटली होती. आणलीय कुठून म्हणून विचारत होती. आणायची कुठून? ही आपल्याच मातीतली. ओढ्याकाठी, ओलसर माळावर, रानाच्या कडेला आपसूक येते. लोक पैसे मोजून परदेशी कांदे आणतात, एक मोसम फुलवतात आणि पुढच्या वर्षी कुंडी रिकामी. ही मात्र परसात एकदा बसली की तुमच्या मुलांनाही फुलं दाखवील.

आपला खायचा कांदा आणि लसूणसुद्धा शास्त्रज्ञ आता हिच्याच कुळात धरतात. पण म्हणून कांदा समजून हिची चव घ्यायला जायचं नाही, ऐकलंत ना? हिच्यात लायकोरीन नावाचं विष असतं. पोटात गेलं तर ओकाऱ्या काढून काढून माणूस बेजार होतो. गुरं शहाणी, ती हिला तोंड लावत नाहीत. भर चराईच्या माळावर सगळं गवत फस्त झालेलं असतं आणि गडांबी आपली टवटवीत उभी असते.

तिच्या पानाचा एक तुकडा आणलाय. दादा, तू दोन्ही टोकं धर आणि हळूच मोडून विलग कर. झटका देऊ नकोस. दिसले? दोन तुकड्यांच्या मधे हे जे रेशमासारखे बारीक धागे ताणले गेलेत, ते कोळिष्टक नाही आणि चीकही नाही. पानातून पाणी वर नेणाऱ्या नळ्या असतात, त्या नळ्यांच्या आतल्या भिंतीला बळकटी म्हणून वळ्यावळ्यांची बारीक दोरी गुंडाळलेली असते. पान मोडलं की नळी तुटते, पण वळी उलगडतात आणि ताणली जातात. कमळाचा देठ मोडल्यावर जे तंतू निघतात तेही हेच. आता हात धुवून या, आणि साबणाने.

आलात? बसा.

आपल्याकडे पाऊस चार महिने. कोकणात तर असा पडतो की चार महिन्यांत वर्षाचं सगळं देऊन टाकतो आणि मग आठ महिने ढुंकून पाहत नाही. पाण्याची आवड असलेल्या झाडाने या आठ महिन्यांत करायचं काय? काही झाडं खोल मुळं सोडतात. तेरडा काय करतो? बी टाकतो आणि मरून जातो. गडांबीने तिसरी वाट धरली. ती जमिनीखाली जाऊन राहिली. कांदा म्हणजे मूळ नव्हे बरं का, पुष्कळांचा तसा समज असतो. कांद्याच्या तळाशी जी चपटी चकती असते ते हिचं खोड, आणि वरचे जे पदर ते पानांचे बुंधे. पावसात पानं उन्हाचं अन्न करतात, ते खाली या पदरांत साठत जातं, पाणीही साठतं. पाऊस सरला, माती आवळली की पानं पिवळी पडतात आणि कांदा एकटा खाली उरतो. आपल्या गडांबीला ओघळाचं पाणी मिळतं म्हणून तिची दोन-चार पानं उन्हाळ्यातही तग धरतात. माळावरची मात्र पार नाहीशी होते. वैशाखात तिथे कोणी गवत पेटवलं तरी तिला त्याचा पत्ता नसतो.

पण झोपली म्हणजे काही करत नाही असं नाही. येणाऱ्या फुलांच्या कळ्या तिच्या पोटात आधीच धरलेल्या असतात. म्हणून तर पहिला वळीव पडून माती भिजली की बघता बघता एक जाड, बिनपानांचा दांडा वर येतो. कधी कधी पानांच्याही आधी. दांड्याच्या टोकाला दहा-पंधरा कळ्यांचा घोस.

हे फूल बघायचं तर दिवेलागणीला जायचं. सकाळी जाणाऱ्याला मान टाकलेली फुलं दिसतात आणि तो म्हणतो, ह्यात काय एवढं! संध्याकाळी कळी सुटते. सहा पाकळ्या, पांढऱ्या, प्रत्येकीच्या मधोमध गुलाबी पट्टा. मागे बोटभर लांबीची, किंचित वाकलेली नळी. पाकळ्यांतून सहा पुंकेसर खाली झुकून मग टोकाशी वर वळलेले, आणि त्यांच्याही पुढे एक लांब दोरा. तो स्त्रीकेसर. पुंकेसराच्या टोकाला परागाची जी पिशवी असते ती मधोमध एकाच बिंदूवर टेकवलेली असते, फुंकर घातली तरी डोलते. मी बॅटरी धरतो तेव्हा तुम्ही हलक्याने फुंकून बघा पुढच्या वर्षी.

आता हा सगळा थाट रात्रीचा का? कारण पाहुणा रात्रीचा. नळीच्या तळाशी मध आहे, पण मधमाशीची जीभ एवढ्या खोल जात नाही. रताळ्याच्या वेलावर शेपटीला शिंग असलेली जाडजूड अळी तुम्ही पाहिली होतीत, आणि छोटी किंचाळली होती, आठवतं? तिचा पुढे मोठा राखाडी पतंग होतो. हॉकमॉथ म्हणतात त्यांना. या पतंगाची सोंड उलगडली तर त्याच्या अंगापेक्षा लांब भरते. एरवी ती गुंडाळून डोक्याखाली ठेवलेली असते. असे लांब सोंडेचे पतंग अंधारात वासाच्या मागावर येतात, पांढरा रंग त्यांना काळोखातही ओळखू येतो, आणि फुलावर न बसता हवेतच तरंगत ते सोंड आत घालतात. तेवढ्यात पराग अंगाला लागतो. पुढच्या फुलाशी गेले की आधी तो पुढे आलेला लांब दोरा त्यांना शिवतो, म्हणजे या फुलाचा पराग त्या फुलाला पोचला. पतंगाच्या गावीही नसतं. त्याला मधाशी मतलब.

थांबा, इथे एक आडकथा सांगायलाच हवी. सतराव्या शतकात कोचीला डचांचा अंमल होता आणि हेंड्रिक व्हान ऱ्हीड नावाचा त्यांचा अधिकारी होता. त्याने मलबारातल्या झाडापाल्याची चित्रं काढवून घेऊन एक भला मोठा ग्रंथ केला, ‘हॉर्टस मलबारिकस’. बारा खंड, अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापले. झाडांचे गुण सांगायला त्याच्याकडे इट्टी अच्युदन नावाचे मलबारी वैद्य होते आणि रंग भट, विनायक पंडित, आपू भट हे तिघे कोकणी वैद्य होते. या तिघांनी आपल्या भाषेत, नागरी अक्षरांत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय. साडेतीनशे वर्षांपूर्वी, युरोपात! आणि त्या ग्रंथाच्या अकराव्या खंडात आपल्या गडांबीचं चित्र आहे. पुढे १७५३ मध्ये लिनियसने जगभरच्या झाडांना दोन-दोन शब्दांची शास्त्रीय नावं दिली, तेव्हा त्या चित्राच्या आधारावर हिला ‘क्रायनम लॅटिफोलियम’ असं नाव दिलं. म्हणजे विहिरीकडेच्या या बाईचे कागदपत्र चांगले जुने आहेत.

हं, तर बी. पराग पोचला, पाकळ्या गळाल्या. नळीच्या खाली, दांड्याला चिकटून जो फुगवटा होता तो वाढायला लागतो. फळ वेडंवाकडं होतं, कारण आत एखादंच बी धरलं तर एकीकडे फुगतं, तीन-चार धरली तर टेंगळं येतात. वजन वाढत जातं आणि शेवटी दांडा कलंडतो. लोकांना वाटतं झाड मोडलं, आधाराला काठी लावतात. लावू नये. दांडा दीड-दोन फुटांचा, तो आडवा झाला की फळ आईच्या पानांच्या सावलीबाहेर जाऊन पडतं. फळाचं साल तिथेच कुजतं, फाटतं, आणि बिया ओल्या मातीवर मोकळ्या.

आता हातातलं बी नीट बघ, छोटी. चिंचोक्याला वरून तपकिरी कवच असतं, हरभऱ्याला साल असतं. ते कवच बियाला बाहेरच्या जगापासून बंद करून ठेवतं, आतलं पाणी जवळजवळ सगळं आटलेलं असतं, आणि बी निपचित पडून राहू शकतं. याला असलं कवचच नाही. नखाने जरासं खरवड. पातळ, बुचासारखा थर निघाला ना? ते बियाचं आवरण नव्हे. आत जो गर आहे त्याच्याच बाहेरच्या पेशींनी आपल्या अंगाचं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो थर केलाय. त्याखाली हिरवं दिसतंय, ते हरितद्रव्य, पानात असतं तेच. आणि आतला सगळा गोळा म्हणजे अन्न आणि पाणी. प्रवासाला निघणाऱ्याला घरची माणसं भाकरीची शिदोरी आणि पाण्याचा तांब्या दोन्ही देतात, तसं हे. मुगाला आईने नुसत्या कोरड्या भाकऱ्या बांधून दिल्या, पाणी वाटेत मिळेल तिथे पी म्हणाली. गडांबीने तांब्याही भरून दिला. म्हणून वजन.

मग सगळ्याच झाडांनी असं का नाही केलं? चांगलं विचारलंस, दादा. कारण हा सौदा महाग आहे. मूग थांबू शकतो. यंदा पाऊस नाही झाला तर तो पुढच्या वर्षी उगवेल. गडांबीच्या बियाला थांबताच येत नाही. ते झाडावरून सुटलं की त्याचं काम सुरू होतं, कधी कधी फळात असतानाच मोड येतो. माती मिळो न मिळो, ते तांब्यातलं पाणी पीत उगवत जाणार, आणि तेवढ्यात ओल सापडली नाही तर फडताळातल्या फडताळात सुकून जाणार. हा धोका पत्करायचा तर बी अशा वेळी आणि अशा जागी पडायला हवं की जिथे पडेल तिथे ओल असेल. गडांबी फुलते ज्येष्ठात आणि बिया पडतात भर पावसात, ते यासाठी. तिला ओलाव्याची जागा लागते असं आपण म्हणतो ना, ती स्वतः काय, कांद्याच्या जोरावर वैशाख काढते. ओल लागते ती तिच्या पोरांना, पहिल्या पावसाळ्यात. त्यांच्यापाशी श्रावण, भाद्रपद, फार तर आश्विन. तेवढ्यात त्यांना स्वतःचा इवलासा कांदा करून मातीत दडी मारायची असते.

आणि ती कशी मारतात ते ऐका, कारण मला तरी या सगळ्या प्रकरणात हेच सर्वांत नवलाचं वाटतं. बी पडलंय जमिनीवर, कांदा हवाय जमिनीखाली. ही नळी दिसतेय ना? हे मूळ नाही. बियातल्या बाळाचं हे पहिलं पान. त्याचं एक टोक आत गरातच रुतून राहतं आणि अन्न शोषत राहतं. मधला भाग लांबत जातो, वळतो, मातीत घुसतो, आणि आपल्या दुसऱ्या टोकाशी असलेला कोंब आणि मुळाचं टोक स्वतःबरोबर खाली घेऊन जातो. हवी तेवढी खोली गाठली की टोकाशी मुळं फुटतात, तिथेच फुगवटा धरतो. तोच कांदा. मग त्या नळीच्या बाजूला एक बारीक फट पडते आणि फटीतून पहिलं हिरवं पान वर येतं. वरचं बी तोवर सुरकुतून चिपाड झालेलं असतं.

उलटं ठेवलं तर काय होईल? काही नाही, नळी वळून खालीच जाईल. मुळांच्या टोकाशी काही पेशींत पिठूळ, जड कण असतात, ते ज्या बाजूला घरंगळतात ती खालची बाजू, हे झाडाला कळतं. उद्या करून बघा हवं तर, एवढी बियं पडलीत.

अजून संपलं नाही. ही नळी तरी किती खोल नेणार, दोन बोटं, चार बोटं. मोठ्या गडांबीचा कांदा तर हातभर खाली सापडतो. तिथे तो गेला कसा? मुळांनी ओढून नेला. परवा जुना कांदा काढला तेव्हा मी तुम्हाला त्याची जाड मुळं दाखवली, वरच्या अंगाला आडव्या सुरकुत्या असलेली. ती मुळं आधी सरळ वाढून मातीत घट्ट पाय रोवतात. मग त्यांच्या आतल्या पेशी रुंदीला फुगतात आणि लांबीला आखडतात. मूळ आखूड झालं, खालचं टोक मातीत पक्कं, मग हलणार कोण? कांदा. दरवर्षी नवी मुळं, दरवर्षी थोडी ओढ. पुरेसा खोल गेला, उजेड आणि दिवसरात्रीच्या तापमानाचा चढउतार लागेनासा झाला की ओढ थांबते.

हिची एक बहीण तुमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या गेटशी आहे, तुम्हाला माहीत नाही. नागदवणा. कमरेएवढी हिरवीगार पानं, बारमाही, आणि पांढऱ्या, अरुंद पाकळ्यांची फुलं. मूळची समुद्रकाठची. तिच्या बियाला बुचाचा थर असा झकास असतो की ते खाऱ्या पाण्यावर तरंगत किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर जातं. दुसऱ्या दोघी घाटावर आहेत आणि त्यांचं जरा नाजूक आहे. एक आखूड नळीची, सुगंधी, उत्तर सह्याद्रीबाहेर कुठेच न मिळणारी. दुसरीला वुड्रो यांचं नाव आहे. हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकवायचे, बागकामावर त्यांचं जाडजूड पुस्तकही आहे. त्यांनी महाबळेश्वरहून मिळवलेल्या या कांद्याचं वर्णन इंग्लंडमधल्या क्यू उद्यानाच्या बेकर यांनी १८९८ मध्ये केलं. त्यानंतर शंभरेक वर्षं तिचा पत्ताच नव्हता. गेली बहुतेक, असंच सगळे धरून चालले होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती त्याच डोंगरांवर पुन्हा सापडली. तेव्हा कुठे सहलीला गेलात आणि असं फूल दिसलं तर कांद्याला हात लावायचा नाही. कुदळ मारून कांदा काढला की दहा-वीस वर्षांचं झाड गेलं. आपल्याला हवी असेल तर गावातली, परसातली गडांबी आहे, तिचं बी मागावं. कोणी नाही म्हणत नाही.

हे बी ठाण्याला न्यायचं म्हणतोस? ने की. पण डबीत घालून, झाकण लावून, फ्रिजमध्ये ठेवशील तर ते तिथेच उगवेल नाही तर सडेल. कागदात गुंडाळ आणि गेल्या गेल्या लाव. कुंडी खोल घे, बारा इंचांची तरी, आणि तळाला भोकं हवीत. ओलावा आवडतो म्हणजे साचलेलं पाणी आवडतं असं नाही. आपली तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू. बी मातीवर नुसतं टेकवायचं, फार तर अर्धं दाबायचं. वरून माती लोटू नकोस, खाली कसं जायचं ते त्याला येतं. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली अशी गॅलरी असेल तर उत्तम. पाऊस आहे तोवर माती सुकू द्यायची नाही. दिवाळीनंतर पान पिवळं पडलं तर रडत फोन करू नकोस, पाणी कमी कर आणि पान आपोआप सुटेपर्यंत ओढू नकोस. पुढे कुंडी बदलायची वेळ आली तर कांद्याची मान मातीच्या वर ठेव. आणि एकदा जागा दिली की सारखी हलवू नकोस. हलवली की ही बाई रुसते, एखादा मोसम फुलतच नाही.

एक शत्रू तेवढा ध्यानात ठेव. गुरं हिला तोंड लावत नाहीत म्हणालो ना, पण एका पतंगाची काळी, पांढरट ठिपक्यांची अळी आहे, तिला हे विष बाधत नाही. उलट तिचा तो भडक रंगच पक्ष्यांना बजावतो की मला खाऊ नका. या अळ्या झुंडीने येतात, पानाच्या आत शिरून ते पोखरतात आणि सोडलं तर थेट कांद्यापर्यंत उतरतात. औषधं मारत बसू नकोस. सकाळी पानं उलटून बघ, अंड्यांचा पुंजका दिसला तर पानाचा तेवढा तुकडा काप, अळ्या दिसल्या तर चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाक. आईला सांगू नकोस कुठला चिमटा घेतलास.

पहिल्या वर्षी एखाददुसरं पान येईल, बस. दुसऱ्या वर्षी जरा रुंद. फूल यायला तीन-चार वर्षं तरी धर. तेव्हा तुझी दहावी असेल, आणि फुलं रात्रीची उमलतात, तू जागा असशीलच.